समीक्षक दिसतो तेव्हा

१९९०च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या आवारात सट झॅली नावाचे एक प्राध्यापक संज्ञापन हा विषय शिकवत होते. जन्म केनियातला, वाढले इंग्लंडात. एमटीव्हीवर अहोरात्र चालणारी गाणी त्यांनी टेपवर उतरवून घेतली, दीडशेहून जास्त गाण्यांतली दृश्यं वेचली, त्यांतलं संगीत पुसून टाकलं आणि त्या जागी स्वतःचं निवेदन घातलं. ‘ड्रीमवर्ल्ड्स’ असं त्या फितीचं नाव. गाणं काढून घेतल्यावर जे उरलं ते बघवत नव्हतं. गाडीवर रेललेल्या बायका, पायांपासून वर सरकत चेहऱ्याआधीच रेंगाळणारा कॅमेरा, एका पुरुषाभोवती घोटाळणाऱ्या आणि नावगाव नसलेल्या कितीतरी जणी. शेवटाकडे झॅलींनी ‘द अक्यूज्ड’ या १९८८च्या चित्रपटातल्या सामूहिक बलात्काराच्या प्रसंगात या गाण्यांची दृश्यं मिसळली. कुठलं दृश्य कुठून आलं हे बघणाऱ्याला ओळखता येईना, आणि झॅलींना दाखवायचं होतं ते तेच.

१९९१ साली एमटीव्हीच्या वकिलांचं पत्र आलं: आमची दृश्यं वापरलीत, वितरण थांबवा, नाहीतर खटला. झॅलींनी उलट कळवलं, की टीका करण्यासाठी ज्याच्यावर टीका करायची त्याची परवानगी लागत नाही. पत्रव्यवहार त्यांनी वर्तमानपत्रांकडे दिला. गाजावाजा झाला, एमटीव्ही गप्प बसली. अशा फिती तयार करून महाविद्यालयांपर्यंत पोचवण्यासाठी झॅलींनी ‘मीडिया एज्युकेशन फाउंडेशन’ ही संस्था काढली.

आज यूट्यूबवर पॉप संगीताबद्दल, बायकांनी कसं असावं आणि पुरुषांनी कसं दिसावं याबद्दल, इंटरनेटवरच्या जगण्याबद्दल तासन्‌तास बोलणारे जे असंख्य लोक आहेत, त्यांचं कूळ शोधायचं तर या फितीपाशी यावं लागतं. कृती तीच आहे. गाणं घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे, आपला आवाज घालायचा. फरक एकच, आणि तो मोठा आहे. झॅली त्या फितीत मुख्यतः ऐकू येतात. आजचा टीकाकार दिसतो. चेहरा, केस, आवाजाची पट्टी, हातवारे, डोळ्यांत आलेलं पाणी, सगळं दिसतं. छापील समीक्षेत कधी न आलेला प्रश्न त्यामुळे इथे रोज येतो: हे सांगणारा माणूस पुरेसा पुरुष आहे का, पुरेशी बाई आहे का? मुद्दा काय आहे हे लोक त्यानंतर ऐकतात, किंवा ऐकतच नाहीत.

याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे ब्रिटनी स्पीअर्सचं प्रकरण. ते नीट उलगडायला हवं.

मिसिसिपीत जन्मलेली आणि लुईझियानातल्या केंटवूड या छोट्या गावात वाढलेली ही मुलगी १९९८मध्ये पहिल्या गाण्यानिशी लोकांसमोर आली. शाळेच्या गणवेशातला तिचा तो व्हिडिओ नायजेल डिक यांनी लॉस एंजेलिसच्या व्हेनिस हायस्कूलमध्ये चित्रित केला. ती तेव्हा १६ वर्षांची होती. शाळेची कल्पना खुद्द तिचीच होती, हे दिग्दर्शकानं आणि तिनंही सांगितलं आहे. या एका तपशिलावर आजवर कितीतरी व्हिडिओनिबंध झाले. कल्पना तिची, म्हणजे जबाबदारीही तिचीच का? सोळा वर्षांच्या मुलीला काय खपेल हे कुणी शिकवलं? दोन्ही प्रश्न खरे आहेत. अमेरिकी समाजानं मात्र तेव्हा दोन्ही विचारले नाहीत. कोवळी कुमारिका आणि मोहात पाडणारी बाई ही दोन्ही रूपं त्यानं तिच्याकडून एकाच वेळी मागितली, आणि दोन्ही दिल्याबद्दल तिलाच दोष दिला. २००३ साली मेरीलँडच्या राज्यपालांच्या पत्नी म्हणाल्या, की संधी मिळाली तर मी ब्रिटनी स्पीअर्सला गोळी घालीन. हे त्या बोलल्या घरगुती हिंसाचार रोखण्यासाठी भरलेल्या परिषदेत. त्याच वर्षी डायन सॉयर यांनी दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत ते वाक्य ब्रिटनीला ऐकवलं आणि पालकांची चिंता म्हणून तिच्याकडे खुलासा मागितला. एकवीस वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर रडली. ती मुलाखत आज पाहताना मला त्या सभ्य, मऊ आवाजाचीच जास्त भीती वाटते.

पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली, घटस्फोट झाला. छायाचित्रकारांच्या झुंडी दारात होत्या. एका तसबिरीला लाखो डॉलर मिळण्याचा तो काळ. टीएमझीसारखी संकेतस्थळं नुकतीच उभी राहिली होती. फेब्रुवारी २००७मध्ये तिनं स्वतःच्या हातानं डोक्यावरचे केस भादरले. ९ सप्टेंबर २००७ला लास व्हेगासमध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात ती नाचली, पावलं चुकली, ओठ गाण्याशी जुळेनात. दुसऱ्या दिवशीच्या मजकुरात नाचाइतकीच चर्चा पोटाची होती. तिचा धाकटा मुलगा तेव्हा एक वर्षाचाही नव्हता.

त्याच आठवड्यात टेनेसीतल्या एका १९ वर्षांच्या तरुण व्यक्तीनं जेमतेम दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला. मागे चादर टांगलेली, डोळ्यांत काजळ, सोनेरी झिपऱ्या, आणि हुंदके. हिला दोन मुलं आहेत, हिचा घटस्फोट झालाय, तुम्हाला हिच्याकडून पैसाच हवाय, हिला एकटं सोडा, असं त्यात सांगितलं होतं. तेव्हाचं नाव क्रिस क्रॉकर; आज ती कॅरा कनिंगहॅम आहे, आणि आपण ट्रान्स स्त्री असल्याचं तिनं २०२१मध्ये जाहीर केलं. पहिल्या दिवसभरातच तो व्हिडिओ वीस लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला. यूट्यूब सुरू होऊन तेव्हा अडीच वर्षंच झाली होती.

त्या दोन मिनिटांत चुकीचं काय होतं? आज मजकूर वाचून काढला, तर जवळजवळ काहीच नाही. पण मजकूर कुणी ऐकलाच नाही. दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांनी नकला केल्या, नटांनी विडंबनं केली, अश्रू खोटे आहेत असं ठरवलं गेलं. मुलगा म्हणून जन्मलेलं कुणीतरी काजळ घालून एका गायिकेसाठी ओक्साबोक्शी रडतंय, एवढंच लोकांना दिसलं. हसण्याचं कारण ते. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्यांचंही कारण तेच. मुलगे म्हणून वाढवलेल्यांनी रडायचं नाही, रडायचंच तर पॉप गायिकेसाठी नाही. हा नियम मोडणाऱ्या व्यक्तीच्या तोंडून आलेलं सत्य त्या काळाला सत्य म्हणून दिसूच शकलं नाही.

१ फेब्रुवारी २००८ला लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं ब्रिटनीवर पालकत्व नेमलं. वृद्धापकाळात स्मृती गेलेल्या माणसांसाठी वापरली जाणारी ही व्यवस्था सव्वीस वर्षांच्या बाईवर लादली गेली. तिचा पैसा, तिचे डॉक्टर, तिच्या भेटीगाठी यांचा ताबा वडिलांकडे आणि वकिलांकडे गेला. या काळात ती बसून नव्हती. तिचे अल्बम आले, एका गायनस्पर्धेची ती परीक्षक झाली, २०१३ ते २०१७ लास व्हेगासच्या प्लॅनेट हॉलिवुडमध्ये तिनं सलग कार्यक्रम केले. स्वतःचा व्यवहार सांभाळायला असमर्थ ठरवलेली बाई डझनावारी माणसांचा पगार स्वतःच्या नाचावर काढत होती.

हे विसंगत आहे हे आधी चाहत्यांना दिसलं. तिच्या इन्स्टाग्रामवरच्या नोंदींचा विनोदी अंगानं अर्थ लावणारं एक पॉडकास्ट टेस बार्कर आणि बार्बरा ग्रे या दोन विनोदी कलाकार चालवत. एप्रिल २०१९मध्ये, पालकत्वाच्या कामाशी संबंध असल्याचं सांगणाऱ्या कुणाचा तरी ध्वनिसंदेश त्यांनी ऐकवला, आणि ‘फ्री ब्रिटनी’ ही हाक रस्त्यावर आली. फेब्रुवारी २०२१मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचा सॅमंथा स्टार्क दिग्दर्शित माहितीपट आला. तिचा पूर्वीचा प्रियकर, गायक जस्टिन टिंबरलेकनं तिची जाहीर माफी मागितली. २३ जूनला ब्रिटनीनं स्वतः न्यायालयाला दूरध्वनीवरून सांगितलं, की मला लग्न करता येत नाही, मूल हवंय तरी गर्भनिरोधक साधन काढू दिलं जात नाही. १२ नोव्हेंबर २०२१ला पालकत्व संपलं. तेरा वर्षं, नऊ महिने.

कनिंगहॅमला त्या वर्षी लोकांनी लिहिलं, की तुझं बरोबर होतं. तिनं उत्तरादाखल जे मांडलं त्याचा आशय असा: मला तेव्हा कुणी गांभीर्यानं घेतलं नाही, कारण मी मुलग्यासारखी नव्हते. ही तक्रार म्हणून वाचू नये. इंटरनेटवरच्या टीकेविषयीचं याहून नेमकं निदान मी तरी वाचलेलं नाही. जे वाक्य २००७मध्ये हास्यास्पद होतं, तेच २०२१मध्ये प्रतिष्ठित वृत्तपत्राच्या, संयत आवाजाच्या माहितीपटातून आलं आणि सुज्ञ ठरलं. मधली चौदा वर्षं पुराव्याअभावी गेली नाहीत.

मग या माध्यमात बोलणाऱ्यांनी आपल्या शरीराचं काय करायचं? उत्तरं वेगवेगळी निघाली.

अनिता सार्कीसियन सरळ कॅमेऱ्यासमोर बसली. ‘फेमिनिस्ट फ्रीक्वेन्सी’ या तिच्या वाहिनीचा विषय चित्रपट, मालिका आणि पुढे मुख्यतः व्हिडिओगेम. २०१२मध्ये तिनं एका मालिकेसाठी लोकांकडे ६,००० डॉलर मागितले. सुमारे १,५८,००० मिळाले. त्याच वेळी कुणीतरी असा एक खेळ बनवून टाकला, की पडद्यावर क्लिक करत गेलं की तिचा चेहरा सुजत, रक्ताळत जायचा. तिच्या मुद्द्यांना उत्तर देणं शक्य होतं, काहींनी सभ्यपणे दिलंही. पण झुंडीला चेहराच हवा होता. ऑक्टोबर २०१४मध्ये युटा राज्य विद्यापीठातलं तिचं व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द झालं, कारण त्या राज्याच्या कायद्यानुसार परवानाधारकाला सभागृहात शस्त्र आणण्यापासून अडवता येत नव्हतं.

‘टॉड इन द शॅडोज’ या नावानं २००९पासून पॉप गाण्यांची समीक्षा करणारा गृहस्थ उलट टोकाला गेला. तो अंधारात बसतो. दिसते ती आकृतीची काळी कड आणि समोर पियानो. गाणं सुरू करायच्या आधी त्याचे काही सूर तो स्वतः वाजवतो, मग शांतपणे त्याची चिरफाड करतो. एखाद-दुसऱ्या गाण्यापुरती प्रसिद्धी मिळालेल्या गायकांचं पुढे काय झालं, मोठ्या गायकांना बुडवणारे अल्बम कसे तयार झाले, हे त्याचे विषय. मी वाचलेल्या प्रतिक्रियांत वाद गाण्याचा असतो. कुणी कसं दिसतं यावर चर्चा होत नाही, कारण दिसतच नाही. ही सावली एखाद्या स्त्री-समीक्षकाला निवडता आली असती का? निवडली असती तरी आवाजावरून सुरुवात झालीच असती, असं मला वाटतं.

तिसरी वाट नॅटली विनची, आणि माझ्या मते ती सर्वांत धाडसी. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात पियानो, नंतर तत्त्वज्ञान, पीएच.डी. अर्धवट सोडलेली. ‘कॉन्ट्रापॉइंट्स’ ही तिची वाहिनी २०१६ची. पुढच्या वर्षी तिनं लिंगबदलाची वाट धरली आणि ती वाट प्रेक्षकांसमोरच चालली. शरीर लपवता येणार नाही हे मान्य करून तिनं तेच युक्तिवादाचं साधन केलं. भरजरी वेश, गुलाबी-निळा प्रकाश, मेणबत्त्या, रंगवलेला चेहरा. वादातल्या दोन्ही बाजू ती स्वतःच दोन पात्रं होऊन मांडते. ऑगस्ट २०१८मध्ये तिनं ‘इन्सेल’ म्हणवणाऱ्या तरुणांवर व्हिडिओ केला. आपल्याला कुठलीच मुलगी मिळणार नाही, कारण आपल्या जबड्याचं हाड अपुरं आहे, असं मानून ही मुलं एकमेकांचे फोटो टाकतात, चेहऱ्याची मापं काढतात आणि एकमेकांना कुरूप ठरवतात. विननं त्यांची टर उडवली नाही. ट्रान्स स्त्रियांच्या काही निनावी कट्ट्यांवर हाच खेळ चालतो, तिथे मीही स्वतःच्या हाडांवरचे शेरे वाचत बसायचे, असं तिनं सांगितलं. दुखावणारं तेच खरं, असं मानण्याची ही सवय कशी जडते, हे तिनं स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून समजावलं. त्यानंतर जबडा रुंद करण्याचे उपाय सांगणारे व्हिडिओ टिकटॉकवर फोफावले. आपल्याकडचे बारावीतले मुलगे जिभेचा व्यायाम करताना दिसतात तो त्याचाच फाटा. त्यांना घरातल्या मोठ्यांनी हसण्याऐवजी विनचा तो व्हिडिओ दाखवला तर फार बरं होईल.

या धंद्याचा हिशेबही थोडा समजून घेतला पाहिजे. जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा यूट्यूब व्हिडिओ करणाऱ्याला देतं. मध्येमध्ये जाहिराती घालायच्या तर व्हिडिओ पूर्वी दहा मिनिटांचा लागायचा, २०२०च्या जुलैपासून आठ. गाण्याचा तुकडा वाजला की यंत्रणा तो ओळखते आणि मालक ठरवतो, की व्हिडिओ अडवायचा, कमाई आपल्याकडे वळवायची की नुसतं बघत राहायचं. गाण्यांवर बोलणारे त्यामुळेच दोन-चार सेकंदांचे तुकडे वापरतात, सूर बदलतात, किंवा टॉडसारखं स्वतः वाजवतात. अनेकांचा खरा आधार वर्गणी हा आहे. ती गोळा करणारं ‘पेट्रिऑन’ २०१३मध्ये जॅक कॉन्टी या संगीतकारानंच सहकाऱ्याबरोबर सुरू केलं, कारण यूट्यूबच्या वाट्यावर त्याचं भागत नव्हतं.

वर्गणी चेहऱ्याला मिळते. डिसेंबर २०२३मध्ये याचं विदारक रूप समोर आलं. जेम्स सॉमर्टन हा कॅनडातला यूट्यूबर चित्रपट, मालिका आणि समलिंगी जीवन यांवर दीर्घ व्हिडिओनिबंध करायचा. आपल्या समाजाचा इतिहास आपणच सांगितला पाहिजे म्हणून वर्गणी मागायचा. ‘एचबॉम्बरगाय’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश यूट्यूबरनं जवळपास चार तासांच्या व्हिडिओत ओळीशेजारी ओळ ठेवून दाखवलं, की सॉमर्टनचे निबंध इतरांच्या लेखांतून आणि पुस्तकांतून उचललेले आहेत. त्यांत व्हीटो रूसो यांचं १९८१चं ‘द सेल्युलॉइड क्लोजेट’ होतं. रूसो १९९०मध्ये एड्सनं गेले. ज्यांचं लेखन उचललं त्यांतले कितीतरी फारसे माहीत नसलेले समलिंगी आणि ट्रान्स लेखक होते. लागोपाठ टॉडनं आपला नेहमीचा विषय बाजूला ठेवून सॉमर्टनच्या स्वतःच्या म्हणून उरलेल्या विधानांची तपासणी केली. त्यांतली अनेक निराधार निघाली. एचबॉम्बरगायनं त्या व्हिडिओची कमाई ज्यांचं लेखन चोरलं गेलं त्यांना देण्याचं जाहीर केलं.

या प्रकरणानं मी अस्वस्थ झालो तो चोरीमुळे नव्हे. चोरी सगळ्या माध्यमांत आहे. लिहिणारे दिसत नव्हते आणि बोलणारा दिसत होता, म्हणून हे इतकी वर्षं खपलं. दिसण्याची किंमत एकीकडे कनिंगहॅमनं मोजली, दुसरीकडे सॉमर्टननं वसूल केली.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या वेशात आला. इथे इंटरनेटवरच्या टीकेचा सर्वांत लोकप्रिय प्रकार ‘रोस्ट’, म्हणजे एखाद्याची जाहीर खिल्ली, हा ठरला. फरिदाबादचा अजेय नागर, म्हणजे कॅरीमिनाटी, हा त्यातला सर्वांत मोठा तारा. २०१७मध्ये ढिंचॅक पूजाच्या बेसूर गाण्यांवर अनेकांनी तोंडसुख घेतलं, त्यात तोही होता. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीत सगळा देश घरात असताना, त्यानं टिकटॉकवरच्या एका लोकप्रिय तरुणाला फाडून काढणारा व्हिडिओ टाकला. काही दिवसांत तो सात कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. छळ आणि दमदाटीविषयीच्या नियमांखाली यूट्यूबनं तो काढला, तर तो परत आणा म्हणून गदारोळ उठला. टिकटॉकला एक तारा देऊन मानांकन पाडण्याची मोहीम निघाली. जूनमध्ये त्याच रागावर नागरचं रॅप गाणं आलं. २९ जूनला, चीनबरोबरच्या गलवानच्या चकमकीनंतर, केंद्र सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली; टिकटॉक त्यात होतं.

त्या व्हिडिओत टीका काय होती? सजणारा, केस रंगवणारा, गाण्यावर ओठ हलवणारा मुलगा म्हणजे बायल्या. बहुतेक सगळ्या शेऱ्यांचा रोख हाच. शिव्या देणारा आवाज मोठा, घोगरा, मर्दानी, समोरचा नाजूक. कोट्यवधी किशोरवयीन मुलांनी त्यात आपली बाजू पाहिली. टिकटॉकवर तेव्हा धुळे-नंदुरबारपासून सांगली-सोलापूरपर्यंतची माणसं शेतात, ओट्यावर, चुलीपुढे नाचत होती. लुगडं नेसलेल्या आज्या होत्या, ओढणी घेतलेले मुलगे होते. बंदीची कारणं राजकीय होती आणि त्यावर मतभेद असू शकतात. पण ‘चाळे गेले ते बरंच झालं’ हा जो समाधानाचा सूर घराघरांत उमटला, तो त्या रोस्टनं आधीच लावून ठेवला होता.

आणि आता आपल्या अंगणात. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याची गौतमी पाटील ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाचणारी कलावंत. गावोगावच्या मैदानांत तिच्या कार्यक्रमांना गर्दी उसळू लागली ती प्रेक्षकांनी मोबाइलवर काढलेल्या तुकड्यांमुळे. २०२२मध्ये तिच्या हावभावांवर अश्लीलतेचा आक्षेप आला. जुन्या लावणी कलावंतांपैकी काहींनीही नाराजी बोलून दाखवली. तिनं माफी मागितली. फेब्रुवारी २०२३मध्ये ती कपडे बदलत असताना चोरून केलेलं चित्रीकरण पसरवलं गेलं. राज्य महिला आयोगानं दखल घेतली, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षी तिनं आडनाव कुठलं लावावं यावरही वाद झाला. या सगळ्यावर मराठीत व्हिडिओंचा पाऊस पडला. त्यांतले बरेच मी पाहिले आहेत. तिनं काय केलं, तिनं काय नेसलं, ती काय म्हणाली. मैदानात खुर्च्या मोडणारे कोण होते, मोबाइल उंचावणारे हात कुणाचे, तिला बोलावून बॅनर लावणारे कोण, याकडे कॅमेरा क्वचितच वळला.

आपल्याकडे सामग्री नाही असं तर मुळीच नाही. स्वातंत्र्य मिळतामिळता बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली आणि मग दत्तो वामन पोतदारांच्या समितीनं तो ‘सुधारून’ परत आणला, हा इतिहास आहे. लावणी करणाऱ्या बायकांची जात, त्यांचं श्रमाचं जग आणि त्यांच्या शरीरावर इतरांनी सांगितलेला हक्क यांवर पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांनी १९९०च्या दशकातच मूलभूत लेखन केलं. भूषण कोरगावकर यांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक आहे, सावित्री मेधातुल यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट आहे. पहिल्या बाकावर बसणाऱ्या पुरुषांची नजर लावणीवाल्या बायका किती बारकाईनं ओळखतात, हे त्यांतून कळतं. गौतमी पाटीलवर बोलणाऱ्या किती व्हिडिओंत यांतलं एक तरी नाव आलं? मला आढळलेलं नाही.

टीका नसते तिथे तक्रार येते. रॅपर यो यो हनी सिंगच्या गाण्यांतल्या अश्लीलतेविरुद्धचं प्रकरण नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्याशी वर्षानुवर्षं जोडलेलं राहिलं; २०२२मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून त्याला आवाजाचा नमुना द्यावा लागला. तक्रार करणाऱ्याचा संताप मी समजू शकतो. पण पोलीस ठाणं फार तर आवाज कुणाचा हे ठरवील. ते गाणं लग्नाच्या वरातीत, बायका-मुलांसकट, हात वर करून कसं नाचलं जातं, हे त्याला सांगता येणार नाही. ते काम समीक्षेचं आहे.

सहानुभूतीसुद्धा पहारा बनू शकते, हेही नोंदवायला हवं. ब्रिटनी सुटली, आणि तिच्या इन्स्टाग्रामवरचे नाच बघून तिचे डोळे, तिच्या घरातला प्रकाश, तिचे दात यांचा अर्थ लावणारे व्हिडिओ सुरू झाले. जानेवारी २०२३मध्ये तिनं खातं बंद केलं तर चाहत्यांनी थेट पोलिसांना फोन केले. अधिकारी तिच्या घरी जाऊन आले. चाहत्यांचं प्रेम मला कळतं, पण हे फार झालं, माझ्या खासगीपणावर हे आक्रमण आहे, असं तिला जाहीरपणे सांगावं लागलं. तिला एकटं सोडा ही २००७ची मागणी तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही पाळली नाही.

मराठीत समीक्षेचं हे काम करू पाहणाऱ्या मुलामुलींना म्हणून माझं सांगणं आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याचं ५२वं कलम समीक्षेसाठी कलाकृतीचा रास्त वापर मान्य करतं. वरातीतलं गाणं घ्या, रीलवरचं घ्या, त्यातला आवाज बंद करून दृश्य बघा आणि बोला. ज्यांचं वाचून बोलत आहात त्यांची नावं व्हिडिओतच घ्या. नाचणाऱ्या बाईइतकाच वेळ गर्दीला द्या. आणि वाचकहो, असा एखादा व्हिडिओ तुमच्यासमोर आला आणि त्याखाली कुणी निवेदिकेच्या रंगावर, अंगावर, किंवा निवेदकाच्या ‘बायकी’ आवाजावर लिहिलेलं दिसलं, तर पुढे सरकू नका. तिथेच, आपल्या नावानिशी, हरकत नोंदवा.